बाजेवरची रेडिओ दुर्बीण

मे महिन्यात रात्री लाइन गेली की आमचं सगळं घर गच्चीवर येतं. संध्याकाळी बादल्या ओतून थंड केलेली फरशी नऊ वाजता पुन्हा कोमट लागते. सुतळीच्या दोन बाजा, एक सुरई, आणि डासांवरून आईची कटकट. यंदा सोबतीला दहावीत गेलेला भाचा होता. फेब्रुवारीत त्याला मी नारायणगावजवळच्या खोडदला नेऊन आणलं होतं. तिथली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण (आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी झेलणाऱ्या मोठाल्या ताटल्या) राष्ट्रीय विज्ञान दिनाला, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या सुमारास, सगळ्यांना बघायला खुली असते. त्या गर्दीत पोराने तोंड उघडलं नाही. तीन महिन्यांनी बाजेवर उताणं पडून विचारलं.

‘मामा, त्या ताटल्यांना तर नुसत्या जाळ्या होत्या. आरपार आभाळ दिसे. मग वरून आलेलं सगळं खाली पडून नाही जाईन काय?’

प्रश्न झकास आहे. त्याचं नीट उत्तर द्यायचं तर ही दुर्बीण उभारणारे शास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांचं अख्खं आयुष्य सांगावं लागतं. आपल्याकडे नारळीकर घरोघरी माहीत आहेत, स्वरूप फारसे नाहीत. नारळीकरांनी मराठीत गोष्टी लिहिल्या. स्वरूप यांनी लोखंडी नळ्या आणि पोलादी तारा मांडल्या, आणि तारांना वाचक कमी मिळतात.

आधी जाळीचं बघू. उजेड आणि रेडिओ लहरी एकाच जातीच्या, फरक फक्त लांबीचा. डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडाची लहर साधारण एका मिलिमीटरचा दोन हजारावा भाग. अवकाशातला हायड्रोजन वायू जी रेडिओ लहर सोडतो ती २१ सेंटिमीटरची, म्हणजे चांगली वीतभर. चार लाख पटींचा फरक. आणि लहरीचा स्वभाव असा, की आपल्या लांबीपेक्षा बऱ्याच लहान भोकाला ती भोक मानतच नाही. तिच्या लेखी जाळी म्हणजे अखंड पत्रा. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या दारात हेच चालतं. आतल्या लहरी १२ सेंटिमीटरच्या, दारातल्या जाळीची भोकं मिलिमीटर-दोन मिलिमीटरची. म्हणून आपल्याला आतले पोहे दिसतात, पण लहरी बाहेर येत नाहीत. खोडदच्या जाळीची भोकं १० ते २० मिलिमीटरची आहेत. वीतभर लहर त्यातून कुठली पडते!

याच हिशेबातून दुसरी सोय निघते. आरसा किती अचूक हवा? लहरीच्या साधारण विसाव्या भागाइतकी चूक चालून जाते. उजेडाच्या दुर्बिणीला त्यामुळे मिलिमीटरच्या चाळीस हजाराव्या भागापर्यंत काच घासावी लागते. २१ सेंटिमीटरच्या लहरीला एक सेंटिमीटर इकडेतिकडे झालं तरी निभतं. एवढी अचूकता आमच्या गल्लीतला वेल्डरही सांभाळेल.

मग अडतं कुठे? लहर जितकी लांब, चित्र तितकं धूसर. आपला डोळा चंद्राच्या रुंदीचा तिसावा भाग वेगळा ओळखू शकतो. एवढाच बारकावा २१ सेंटिमीटरच्या लहरीने हवा असेल तर ताटली सातशे मीटर रुंद लागेल. खोडदची एक ताटली ४५ मीटरची आहे. ती एकटी बघायला बसली तर तिला अर्ध्या चंद्राएवढा एकच ठिपका दिसतो, त्याच्या आत काय आहे ते कळत नाही. स्वस्त पण आंधळट, असा हा मामला. स्वरूप यांनी साठ वर्षं एकच काम केलं असं मला वाटतं: स्वस्तपणा तसाच ठेवून आंधळटपणा घालवायचा. त्यासाठी जे फुकट मिळेल ते वापरायचं. डोंगराचा उतार, चंद्र, पृथ्वीचं फिरणं, दुसऱ्यांनी टाकून दिलेल्या ताटल्या.

या विद्येचा जन्मही खरखरीतून झालेला. माझे वडील नागपूरच्या इतवारीत रेडिओ दुरुस्त करायचे. दोन स्टेशनांच्या मधली खरखर आली की ते म्हणत, ‘हे आकाशाचं आहे, सेटचं नाही.’ ते अंदाजाने बोलत, पण काही अंशी खरं होतं. अमेरिकेत कार्ल जान्स्की हा इंजिनिअर १९३०च्या सुमारास रेडिओ-टेलिफोनमधली खरखर कुठून येते ते शोधत होता. एक खरखर रोज चार मिनिटं लवकर यायची, म्हणजे दर २३ तास ५६ मिनिटांनी. तारे याच वेळापत्रकाने उगवतात. आवाज विजांचा नव्हता, शेजारच्या मोटारींचाही नव्हता. तो धनू राशीच्या दिशेने, आपल्या आकाशगंगेच्या मध्याकडून येत होता.

स्वरूप यांचा जन्म २३ मार्च १९२९चा, उत्तर प्रदेशातल्या ठाकुरद्वाऱ्याचा. अलाहाबाद विद्यापीठातून १९५० साली एम.एस्सी. करून ते दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत गेले. तिथे संचालक होते के. एस. कृष्णन, रामन परिणामाच्या शोधात रामन यांच्यासोबत काम केलेले. इथे नागपूरकराला थोडी बढाई मारायची मुभा आहे. सरकारी हिशेब खात्यात नोकरीला असताना १९१०च्या सुमारास रामन यांची बदली काही काळ नागपूरला झाली होती. गांधीसागरसमोरच्या, म्हणजे जुन्या लोकांच्या शुक्रवारी तलावासमोरच्या विज्ञान केंद्राला त्यांचं नाव आहेच. आणि खोडदला आम्ही गेलो तो २८ फेब्रुवारी रामन परिणामाचाच दिवस. ओढूनताणून जोडलेलं नातं आहे, पण रामन, कृष्णन, स्वरूप ही साखळी खरी आहे.

कृष्णन १९५२ साली एका परिषदेसाठी सिडनीला गेले आणि तिथलं रेडिओ खगोलशास्त्र बघून भारावून परतले. युद्धात रडारवर काम केलेली माणसं आता तीच यंत्रं आकाशाकडे वळवत होती. पुढच्याच वर्षी कोलंबो योजनेतून त्यांनी स्वरूप आणि पार्थसारथी या दोन तरुणांना तिकडे पाठवलं. सिडनीजवळच्या पॉट्स हिल इथे क्रिस्टियनसेन या रेडिओ खगोलशास्त्रज्ञांनी सूर्य बघण्यासाठी सहा-सहा फुटांच्या ३२ ताटल्या ओळीने उभ्या केल्या होत्या. नवं यंत्र येणार म्हणून या ताटल्या निकालात निघणार होत्या. स्वरूप यांनी विचारलं, आम्हाला देता का? ऑस्ट्रेलियाने हो म्हटलं.

आणि मग घोडं अडलं ते बोटभाड्यावर. ताटल्या फुकट, पण त्या इकडे आणायचा खर्च कोणी करायचा? परकीय चलनाचा तो काळ. फाइल हलेना. स्वरूप १९५५ला दिल्लीत परतले, वाट बघितली, आणि शेवटी १९५६ला अमेरिकेत गेले. टेक्सासमधल्या फोर्ट डेव्हिसला त्यांनी सूर्याच्या एका नव्या प्रकारच्या रेडिओ स्फोटाची नोंद केली. सूर्यावरून उसळलेले कण चुंबकीय कमानीवरून वर जाऊन पुन्हा खाली वळतात, त्यामुळे आलेखावर उलटा ‘यू’ उमटतो. नंतर स्टॅनफर्डला ब्रेसवेल यांच्याकडे पीएच.डी. झाली, तिथेच नोकरी लागली. घर, पगार, नाव, सगळं होतं.

१९६१च्या ऑगस्टमध्ये बर्कलेला खगोलशास्त्रज्ञांचं आंतरराष्ट्रीय अधिवेशन भरलं. तिथे चार भारतीय एकत्र बसले: स्वरूप, टी. के. मेनन, मुकुल कुंडू आणि टी. कृष्णन. आपण चौघं परत जाऊ, भारतात रेडिओ खगोलशास्त्राचा गट उभा करू, असा प्रस्ताव लिहून त्यांनी इथल्या काही संस्थांना पाठवला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून होमी भाभांची तार आली, २० जानेवारी १९६२ला: गट स्थापन करायचं ठरवलं आहे, पत्र मागाहून. प्रस्ताव गेल्यापासून चार महिन्यांत. बोटभाड्याची फाइल आठवा आणि मग या चार महिन्यांचं मोल करा.

१९६३च्या एप्रिलमध्ये स्वरूप मुंबईत रुजू झाले. त्या ३२ ताटल्या एव्हाना दिल्लीत येऊन पडल्या होत्या. त्या मागवून घेतल्या आणि कल्याणजवळ मांडल्या, २४ पूर्व-पश्चिम आणि ८ उत्तर-दक्षिण. १९६५ साली त्या सूर्य बघू लागल्या. भारतातली पहिली मोठी रेडिओ दुर्बीण अशी कल्याणला, ऑस्ट्रेलियाच्या निकाली मालातून उभी राहिली.

पण खरी चलाखी पुढची. भाच्याला ती सांगताना मला बाज कामी आली.

पृथ्वी फिरते म्हणून तारे सरकतात. दुर्बिणीला त्यांच्या मागे फिरावं लागतं. मोठं धूड दोन दिशांना फिरवायचं म्हणजे महागडे दातेचाक, मोटारी, पाया. स्वरूप यांनी विचार केला, दुर्बिणीचा लांब आस पृथ्वीच्या आसाला समांतर ठेवला तर? मग ती फक्त त्या आसाभोवती सावकाश वळवली की पुरे. तारा हातातून सुटत नाही. पृथ्वीचा आस आपल्याला आकाशात दिसतो, ध्रुवताऱ्याच्या रूपात. नागपूर २१ अंश अक्षांशावर, म्हणून इथे ध्रुव क्षितिजापासून २१ अंश वर. पुढे जिथे ही दुर्बीण झाली त्या तमिळनाडूतल्या ऊटीला तो ११ अंश वर. तेव्हा ११ अंशांचा चढ उत्तरेकडे असलेली टेकडी शोधायची आणि तिच्या पाठीवर दुर्बीण आडवी टाकायची. टेकडी फुकट!

आमची बाज सहा फुटांची. तिचं उत्तरेकडचं टोक ऊटीसाठी साधारण चौदा इंच उचलावं लागेल, म्हणजे तीन इंची विटांचा हिशेब केला तर साडेचार विटा. नागपूरसाठी सव्वीस इंच, नऊ विटा. पोरगं उठलं आणि टाकीमागच्या विटा खरंच आणायला लागलं. डोकं ध्रुवाकडे करून बाजेवर पडायचं, डावी कूस पूर्वेला. तारा उगवताना डाव्या कुशीवर, डोक्यावर येईल तेव्हा उताणं, मावळताना उजव्या कुशीवर. दुसरी कुठलीही हालचाल नाही. आकाशातला उत्तर-दक्षिण फरक तेवढा वायरींमधून जमवायचा. लांबीभर बसवलेल्या अँटेनांचे संकेत थोडेथोडे मागेपुढे करून मिसळले की दुर्बिणीची नजर हलते, दुर्बीण हलत नाही.

आई म्हणाली, ‘उत्तरेले डोकं करून झोपते का कोणी?’

ऊटीची दुर्बीण १९७०पासून तशीच झोपली आहे. ५३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, अर्ध्या कापलेल्या पन्हाळीसारखी. पत्रा नाही. २४ कमानींवर ताणलेल्या अकराशे स्टेनलेस स्टीलच्या तारा, एवढाच आरसा. लहर ९२ सेंटिमीटरची निवडलेली, म्हणून तारांमधली फट चालते. एका रेडिओ स्रोतावर ती सलग साडेनऊ तास नजर ठेवू शकते. सगळी इथेच बनलेली. भाभांनी हिला हिरवा कंदील दाखवला होता, पण जानेवारी १९६६च्या विमान अपघातात ते गेले. ती पुरी झालेली त्यांना बघायला मिळाली नाही.

आणि धूसरपणाचं काय? तिथे चंद्र कामाला लावला. चंद्र तासाभरात स्वतःच्या रुंदीइतका सरकतो. सरकताना मागचे रेडिओ स्रोत झाकत जातो. स्रोत अगदी बिंदूएवढा असेल तर चटकन विझतो, पसरट असेल तर हळूहळू. रेल्वे फाटकावर उभं राहून पलीकडच्या दिव्यांकडे बघा. मालगाडीचं इंजिन आलं की बल्ब एकदम जातो, ट्यूबलाइट एका टोकाकडून झाकत जाते. विझायला किती सेकंद लागले यावरून स्रोताची रुंदी कळते, अंशाच्या साठाव्या भागाच्या साठाव्या भागापर्यंत. ऊटीच्या दुर्बिणीची स्वतःची नजर याहून शेकडो पटींनी जाडी होती. टेकडीचा उतार मुख्यतः ध्रुवासाठी निवडलेला, पण चंद्राची सगळी वाट या दुर्बिणीच्या टप्प्यात येत होती हेही महत्त्वाचं.

असे शेकडो स्रोत मोजले गेले. त्यातून १९७५ साली स्वरूप आणि त्यांचे विद्यार्थी विजय कपाही यांनी दाखवलं की अंधुक, म्हणजे सरासरीने दूरचे, म्हणजे जुन्या काळातले स्रोत आजच्यापेक्षा वेगळे होते. विश्व आधीपासून आहे तसंच आहे, असं मानणारी स्थिर स्थितीची कल्पना फ्रेड हॉईल यांची, आणि तिची बाजू हिरिरीने मांडणारे जयंत नारळीकर तेव्हा स्वरूप यांच्याच संस्थेत होते. ऊटीच्या आकड्यांनी वजन टाकलं ते विश्व महास्फोटातून सुरू होऊन बदलत आलं, या कल्पनेच्या पारड्यात. एकाच कँटीनमध्ये चहा पिणाऱ्या दोन माणसांत एवढा मोठा मतभेद असू शकतो, हे मला त्या काळाचं मोठेपण वाटतं.

मग विषुववृत्ताचा नाद लागला. तिथे अक्षांश शून्य, म्हणजे बाजेखाली एकही वीट नको. सपाट जमिनीवर उत्तर-दक्षिण दोन किलोमीटर लांब दुर्बीण टाकायची, केनियात किंवा इंडोनेशियात, असा स्वरूप यांचा बेत होता. तो जुळला नाही. काही वर्षं त्यात गेली. त्या अपयशातूनच १९८४मध्ये खोडदची कल्पना निघाली, म्हणून एवढं सांगितलं.

खोडदला बाज उतरती नाही, विणलेली आहे. ताटली मोठी करताना खरा शत्रू वारा. ४५ मीटरच्या पत्र्याला वारा शिडासारखा धरतो, मग त्याला पेलायला लोखंड वाढतं, लोखंडाला पेलायला आणखी लोखंड. स्वरूप यांच्या गटाने मधोमध एक चक्र आणि त्यातून छत्रीच्या काड्यांसारख्या १६ वाकवलेल्या कमानी घेतल्या. कमानींमध्ये पोलादी दोऱ्या ताणल्या आणि दोऱ्यांवर अर्ध्या मिलिमीटरहून जरा जाड तारेची जाळी बांधली. आमची बाज अशीच आहे. चौकट लाकडाची, वजन सुतळीच्या ताणावर. वारा आरपार जातो, म्हणून उन्हाळ्यात पाठीला गार लागते आणि वादळात ताटली उभी राहते. जागाही तशीच हेरलेली: आजूबाजूला डोंगरांचा आडोसा, वारा बेताचा, रेडिओचा गोंगाट कमी.

अशा ३० ताटल्या. सगळ्यांचं मिळून क्षेत्रफळ भरतं जवळपास बारा एकर. त्यातल्या १४ मधल्या चौरस किलोमीटरभरात, बाकीच्या १६ इंग्रजी ‘वाय’च्या तीन भुजांवर. नागपुरात मांडायची तर गठ्ठा सीताबर्डीत, एक भुजा कामठीकडे, एक हिंगण्याकडे, एक उमरेड रोडला. सगळ्यात दूरच्या दोन ताटल्यांत २५ किलोमीटर.

विखरून काय मिळतं? फुटाळ्याच्या पाण्यात एक बूच तरंगतंय. ते वर-खाली झालं तर लाट आली एवढंच कळेल. थोड्या अंतरावर दुसरं बूच टाका. आधी कोण हललं, किती आधी, यावरून लाटेची दिशा निघते. बुचं जितकी दूर, दिशा तितकी नेमकी. ३० ताटल्यांच्या ४३५ जोड्या होतात. प्रत्येक जोडी आपल्यापुरती दिशा सांगते आणि संगणक त्या साऱ्या साक्षी जुळवून चित्र काढतो. शिवाय पृथ्वी फिरते तशा या जोड्या आकाशाच्या हिशेबाने वळत जातात, आठ-दहा तासांत प्रत्येक जोडी नवनव्या कोनांतून साक्ष देते. पुन्हा फुकटचं. २१ सेंटिमीटरच्या लहरीला अशाने मिळणारी नजर किती तीक्ष्ण? झिरो माइलच्या खांबापाशी उभं राहून सात किलोमीटरवरच्या सोनेगाव विमानतळावर ठेवलेलं एक संत्रं ओळखण्याइतकी.

४ ऑक्टोबर २००१ला ही दुर्बीण राष्ट्राला अर्पण झाली. २०१६च्या ऑक्टोबरमध्ये युरोपचं शियापारेली हे यान मंगळावर उतरताना कोसळलं, तेव्हा त्याची क्षीण हाक खोडदच्या ताटल्यांनी सतरा कोटी किलोमीटरांहून दुरून ऐकली. ट्रान्समीटर मोबाइलच्या आसपासच्या ताकदीचा. म्हणूनच तिथे आमचे मोबाइल बंद करायला लावले होते. चंद्रावर एखादा मोबाइल चालू ठेवला तर रेडिओ आकाशातल्या सगळ्यात झगझगीत वस्तूंत तो गणला जाईल, मग खिशातल्याची काय कथा! आकाशवाणीच्या राष्ट्रीय वाहिनीसाठी आमच्या नागपुरातून १००० किलोवॅटने मध्यम लहरी सुटायच्या, हे भाच्याला सांगितल्यावर तो म्हणाला, ‘बरं झालं बाप्पा, दुर्बीण इथे नाही काढली.’

स्वरूप यांना पद्मश्री मिळाली, रॉयल सोसायटीने सदस्य करून घेतलं. त्याहून मला त्यांचं दुसरं काम मोठं वाटतं. बारावीनंतरच्या पोरांना संशोधकांच्या हाताखाली विज्ञान शिकता यावं, असा आराखडा त्यांनी पुण्यात व्ही. जी. भिडे यांच्यासोबत मांडला होता. पुढे २००६पासून निघालेल्या आयसर या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थांची मुळं त्यात सापडतात. ७ सप्टेंबर २०२०ला, ९१व्या वर्षी, ते पुण्यात गेले.

साडेदहाला लाइन आली. खाली कूलर घरघरायला लागला, आई उतरून गेली. पोरगं काही उठेना. नऊ विटांवर टेकवलेल्या बाजेवर, ध्रुवाकडे डोकं करून, ते डाव्या कुशीवर पडलं होतं. आग्नेयेला विंचवाच्या मागोमाग धनू वर आलेली होती, जान्स्कीची खरखर जिथून यायची ती. अडीचच्या सुमाराला ती दक्षिणेला सगळ्यात वर येईल, तेव्हा उताणं व्हायचं आणि पहाटे उजवी कूस, असं मी सांगून ठेवलं.

सकाळी पाणी भरायला वर गेलो. उतार २१ अंशांचा आणि सुतळी जुनी. पठ्ठ्या उजव्या कुशीवरच होता, पण घसरून बाजेच्या पायथ्याशी, अर्धा फरशीवर.